विश्वास मेळाव्याची बस

१८ जून

ही डायरी पतसंस्थेच्या वर्धापनदिनी मिळाली. शाल, श्रीफळ आणि डायरी. शाली घरात इतक्या झाल्यात की माधवीने त्यांच्या गोधड्या शिवायला घेतल्या आहेत, आणि नारळाची चटणी बघितली की सृष्टी ताटावरून उठते. डायरी मात्र कोणी पहिल्यांदाच दिली. अर्धं वर्ष कोरं गेलं, पण आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा आहे.

मी बाजीराव तिकोने, राहणार कातळवाडी, औंढ्याच्या वर डोंगराच्या पोटात. व्यवसाय निवेदन. बैलगाड्यांच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या मैदानात, माईक माझ्या हातात असला की लोक शर्यत सोडून माझ्याकडे बघतात, असं मीच नाही, इतरही म्हणतात. लग्न, वाढदिवस, उद्घाटन, दशक्रिया, सगळीकडे मला बोलावणं असतं. राजकारण माझा विषय नाही. ज्याचा मांडव, त्याचा जयजयकार.

आज लोणावळ्यात 'लेक निघाली' योजनेचा शुभारंभ झाला. कॉलेजला जाणाऱ्या प्रत्येक मुलीला एसटीचा मोफत पास. पहिला पास मंत्रीसाहेबांनी आमच्या सृष्टीच्या हातात दिला. ती यंदा बारावी सायन्सला आहे, नर्सिंगला जायचं म्हणते. तिच्या डोक्यावर हात ठेवून साहेब म्हणाले, "ही लेक शिकेपर्यंत हिची बस बंद पडणार नाही. हा माझा शब्द." ते वाक्य मी माईकवर तीनदा म्हटलं आणि तिन्ही वेळा टाळ्या पडल्या. जाताना साहेबांनी मलाही शाल घातली, मोरपंखी काठाची.

९ जुलै

सकाळची बस आली नाही. संध्याकाळचीही नाही.

रात्री नथूभाऊ मोटारसायकलवरून सांगायला आला. नथूभाऊ म्हणजे आमच्या बसचा चालक. इतकी वर्षं हीच फेरी करतो की वाडीतल्या सुनांची माहेरं त्याला पाठ आहेत. म्हणाला, शासनाने 'काटकसर पर्व' जाहीर केलंय, तोट्यातल्या फेऱ्या बंद.

"तोट्यात कशी? बस तर रोज गच्च असते."

"असती वो. पर तिकीट कोन काढतंय? पोरींना पास, म्हाताऱ्यांना सवलत. वरून इचारत्यात, एवढी मानसं आनता अन् पैका कुटं हाय?"

म्हणजे मोफत केल्यामुळे बस भरली आणि भरल्यामुळे बंद झाली. यात काहीतरी तांत्रिक चूक असणार. साहेबांच्या कानावर गेलं की दोन दिवसांत सुरळीत होईल, असं मी वाडीत सगळ्यांना सांगितलं.

सृष्टीने पास दप्तराच्या पुढच्या कप्प्यात जपून ठेवला आहे.

१७ जुलै

वाडीतून कॉलेजला जाणाऱ्या पाच मुली. सृष्टी, बुद्धविहारामागची रुपाली आणि आणखी तिघी. आता पाचीजणी पावसात औंढ्याच्या फाट्यापर्यंत चालत जातात आणि तिथे रिक्षाची वाट बघतात. पहिले दोन तास रोज बुडतात. हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसू देणार नाहीत, असं कॉलेजने कळवलं आहे.

मी सृष्टीला मोटारसायकलवर सोडतो म्हणालो. माधवी भाकरी थापत होती, तिने मानसुद्धा वर केली नाही.

"अन् रुपालीला कोन सोडनार? बाकीच्यांना? जातील तर पाची जातील."

माधवीचं शिक्षण सातवी. तेव्हा वाडीला बस नव्हती. या विषयावर तिच्याशी बोलायला गेलं की माझं निवेदन चालत नाही.

२ ऑगस्ट

फाट्यावर मोठा फ्लेक्स लागला आहे. मधे साहेब, बाजूला पास हातात धरून हसणारी सृष्टी, खाली 'लेक निघाली!' फोटो झकास आलाय. फाट्यावर उभं राहून मी बराच वेळ बघत होतो. तेवढ्यात डोंगरावरून खरी सृष्टी उतरली. घसरून पडली होती, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि हातात एकच चप्पल. फ्लेक्सकडे तिने बघितलं नाही. माझ्याकडेही नाही.

२८ ऑगस्ट

सुहास घरी आला होता. साहेबांचा स्वीय सहायक. पांढरेशुभ्र बूट घालून आला आणि शेणाचे पो टाळत टाळत ओसरीपर्यंत पोचला.

म्हणाला, सर्व्हे आलाय. लोकांचा सरकारवरचा विश्वास उडालाय. कर्जमाफी, दवाखाना, नळ, बस, सगळीकडून तक्रारी. "सरकारमध्ये काही प्रॉब्लेम नाही, बाजीराव. लोकांमध्येच विश्वासाची कमतरता आहे." म्हणून आता तालुकाभर विश्वास मेळावे घ्यायचे. निवेदन माझं. लोकांना आणायला गावोगाव एसटी पाठवणार.

मी विचारलं, "आमच्या वाडीलाही बस येईल?"

"येणार ना. मेळाव्याला."

"आणि रोजची?"

"रोज मेळावा कसा घेणार?" असं म्हणून तो मनापासून हसला. मीही हसलो. पाहुणा होता.

माधवी आतून ऐकत होती. चहा तिने बाहेर आणलाच नाही, पण सुहास गेल्यावर दोनदा विचारलं, "बस कुटवर जानार? लोनावळ्यात? अन् परत सोडनार?" तिला राजकारणात रस वाटू लागला हे बघून बरं वाटलं.

१० सप्टेंबर

पहिला विश्वास मेळावा. काय सांगू! सकाळी वाडीत बस शिरली, स्टिअरिंगवर आपला नथूभाऊ, समोर काचेवर साहेबांचं चित्र, आणि कोणीही बोलवायच्या आधी सगळी वाडी रस्त्यावर उभी. म्हाताऱ्याकोताऱ्या, लेकुरवाळ्या, पाची मुली दप्तरांसकट. लीलाबाई तर काकड्या आणि कोथिंबिरीच्या दोन पाट्या घेऊन चढली. साहेबांना घरची भाजी द्यायची असणार. गरीब माणसाचं प्रेम असं असतं, ते सर्व्हेत येत नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मी सुहासच्या गाडीतून पुढे गेलो. मैदानावर खूप गर्दी, त्यात आपली माणसं कुठे दिसली नाहीत. परतीच्या बसला मात्र सगळे हजर आणि सगळे खुशीत. लीलाबाईच्या पाट्या रिकाम्या होत्या. म्हणजे भाजी साहेबांपर्यंत पोचली.

२३ सप्टेंबर

दुसरा मेळावाही जोरात. आता वाडीत पाऊल टाकायची सोय राहिली नाही, जो तो पुढच्या मेळाव्याची तारीख विचारतो.

लीलाबाई म्हणाली, "बाजीरावभाऊ, शुक्करवारी ठिवा की. शुक्करवारी बाजार असतो." भर बाजार सोडून साहेबांना ऐकायची तिची तयारी आहे!

सरूबाईने विचारलं, "सकाळच्याला लवकर निगल का? दवाखान्यात लय गर्दी व्हती." दवाखान्याचा इथे काय संबंध ते मला कळलं नाही, पण म्हातारीचा उत्साह दांडगा आहे.

आणि सृष्टी! "पप्पा, मंगळवारी आणि शुक्रवारी घ्या ना. त्या दिवशी प्रॅक्टिकल असतं."

मी तिला चांगलंच फैलावर घेतलं. मेळाव्यासाठी प्रॅक्टिकल बुडवायचं म्हणजे काय? अभ्यास आधी, देश नंतर. ती माझ्याकडे बघतच राहिली, मग आईकडे बघून हसली. आजकालच्या मुलांना रागावलेलंही कळत नाही. तरी मी सुहासला फोन करून मंगळवार-शुक्रवारचं सुचवलं, कारण लोकांचा कल बघायला हवा.

२ ऑक्टोबर, दसरा

आमच्याकडे दसऱ्याला गाड्यांची पूजा झाली की शेवटी एसटीला हार घालतात. पहिली बस वाडीत आली तेव्हापासूनची रीत आहे. त्या दिवशी माझ्या वडिलांनी, सोपानआबांनी, आपलं पागोटं काढून बसच्या आरशाला बांधलं होतं म्हणे. तेव्हापासून मानाचा हार आबांचा.

यंदा आबा झेंडूचा हार घेऊन थांब्यावर जाऊन बसले. मी सांगितलं, आबा, आज मेळावा नाही, बस नाही. म्हणाले, "सांच्यापातुर बगतो." संध्याकाळी हार थांब्याच्या खांबाला अडकवून घरी आले. जेवले नाहीत. मला फार वाईट वाटलं.

२४ ऑक्टोबर

विरोधी पक्षाच्या प्रदीपरावांनी मला जनआक्रोश मोर्चाच्या निवेदनाला बोलावलं. मी निरपेक्ष माणूस, गेलो. मंगळवारी शासनावर विश्वास, शुक्रवारी शासनाचा निषेध. आवाज तोच, फक्त उपरणं बदललं. प्रदीपराव गरजले, आमची सत्ता आली की पहिल्या आठवड्यात प्रत्येक वाडीला बस! त्यांनीही गाड्या पाठवल्या होत्या. कातळवाडी त्यालाही भरून आली. आमचे लोक लोकशाहीचे खरे पाईक आहेत, दोन्ही बाजू ऐकतात.

जाता जाता, सृष्टीची हजेरी सुधारली म्हणे. शिक्षकांनी लक्ष घातलेलं दिसतंय.

१९ नोव्हेंबर

सुहासचा फोन. वरच्या पातळीवर 'कातळवाडी पॅटर्न'ची चर्चा आहे. एकेका वाडीतून इतके लोक स्वतःहून येतात हे राज्यात कुठेच नाही. पंचायत समितीच्या निवडणुकीपूर्वीचा शेवटचा महामेळावा लोणावळ्यात, तिथे पहिल्या पाच रांगा कातळवाडी आणि भोवतालच्या वाड्यांना राखीव. त्यांच्या तीन बस थेट व्यासपीठासमोर आणायच्या, टीव्हीवाल्यांच्या डोळ्यांदेखत. साहेब उठून स्वागत करणार.

हे मी माधवीला सांगितलं. तिने शिवता शिवता सुई बोटात टोचून घेतली.

"थेट मांडवात? मंदी कुटं थांबनार न्हाई?"

मी म्हणालो, तुम्हाला मान आहे. ती टोचलेलं बोट तोंडात धरून दाराकडे बघत राहिली. मान मिळाला की बायका अशा भारावून जातात.

१२ डिसेंबर

लिहू की नको, असं झालंय. लिहितो.

मंडप असा की लग्नाचे मांडव झक मारतील. गारव्यासाठी यंत्रं, फुलं उधळायला जेसीबी. साहेबांनी काटकसरीवर तासभर भाषण केलं. आपण स्वतः चहा अर्धा कप घेतो, असं सांगितलं. टाळ्या कमी पडल्या, पण मी सावरून घेतलं. पहिल्या पाच रांगा मोकळ्या होत्या. सुहास सारखा घड्याळाकडे बघत होता. तेवढ्यात रस्त्याच्या वळणावर तीन लाल बस दिसल्या आणि माझ्यातला घाटातला गडी जागा झाला.

"आली! आली! आली! बघा मंडळी, कातळवाडीची गाडी आली! ही गर्दी आणलेली नाही, ही गर्दी निघालेली आहे! विश्वास बघायचाय? दार उघडू द्या, विश्वास खाली उतरताना बघा! भिर्रर्रर्र!"

साहेब हार घेऊन उठले. कॅमेरे वळले. पहिल्या बसचं दार उघडलं आणि कंडक्टर उतरला. त्याच्यामागून कोणी नाही. मी म्हणालो, "माझ्या मायबहिणी पदर सावरताहेत, मंडळी!" दुसऱ्या बसचं दार उघडलं. कोणी नाही. माईक हातात असताना गप्प बसायची मला सवय नाही, म्हणून मी बोलतच राहिलो, काय बोललो ते आठवत नाही. तिसऱ्या बसमधून नथूभाऊचा हात धरून आमचे सोपानआबा उतरले. झोपेतून उठलेले, पागोटं तिरपं.

साहेब मुरलेले. हार आबांच्या गळ्यात घातला, त्यांना वर घेतलं, माईक त्यांच्या तोंडापुढे धरला. "आबा, बाकीची मंडळी मागून येताहेत ना?"

आबांना कमी ऐकू येतं, म्हणून ते मोठ्याने बोलतात. त्यांना माईकची गरज नसते. आज माईकही होता.

"न्हाई वो. समदी आपापल्या कामाला गेली. पोरी कालिजात, लीलाबाई बाजारात, सरूबाई दवाखान्यात. शुक्करवार हाय न्हवं? पोरींचं त्ये प्रॅक्टिकल असतं."

"पण आबा, बस मेळाव्याची होती."

"व्हय. मेळाव्याचीच येती आता. दुसरी कुटं ऱ्हायली? मला बी चष्मा आनायचा व्हता, पर डोळा लागला अन् हितं आलो."

मागून कोणीतरी ओरडलं, "आमच्याबी वाडीला हीच बस हाय, साहेब!" कोणीतरी हसलं. मग सगळा मांडव हसायला लागला, आणि तो हशा थांबेना. आयुष्यात इतका मोठा प्रतिसाद मला कधी मिळाला नव्हता. हसता हसता लोक खुर्च्यांवरून उठू लागले. बाजार अजून उठला नव्हता ना.

१३ डिसेंबर

काल घरी आल्यावर मी माधवीवर ओरडलो. सगळ्या वाडीला ठाऊक, नथूभाऊला ठाऊक, पोरीला ठाऊक, आणि मलाच नाही? घरातल्या माणसाला?

"तुमास्नी सांगितलं की माईकवर जातं," ती म्हणाली. मग चुलीतलं लाकूड मागे ओढत, "मंदी नाक्यावर नथूभाऊ थांबायचे, आमी उतरायचो. सांच्याला तितनंच चढायचो. आज त्यांनी रिकाम्या गाड्या नेल्या, त्यांना तरी दुसरं काय करता येनार व्हतं? तुमच्या मेळाव्यांनी पोरीची हजेरी भरली. तुमाला वाटलं मास्तरांनी भरली."

मी ओसरीवर जाऊन बसलो आणि रडलो. अपमान झाला म्हणून रडलो, खोटं कशाला सांगू? पण मग आठवलं, ऑगस्टात पोरगी हातात एक चप्पल घेऊन माझ्यापुढून गेली होती आणि मी फ्लेक्सवरचा फोटो बघत उभा होतो. मग त्यासाठी रडलो.

सुहासने फोन ब्लॉक केला आहे.

६ जानेवारी

यंदा कोणी सत्कार केला नाही, त्यामुळे नवी डायरी नाही. याच डायरीच्या सुरुवातीची कोरी पानं वापरतो आहे.

३० जानेवारी

निकाल लागला. तालुक्यात साहेबांच्या पक्षाचा पार धुव्वा उडाला. आमच्या केंद्रावर त्यांना किती मतं पडली ते सांगत नाही, पण ज्यांनी दिली त्यांची नावं वाडीला माहीत आहेत. प्रदीपरावांचा पक्ष आला. गुलालात न्हालेल्या प्रदीपरावांना मी गाठलं. म्हटलं, प्रदीपराव, पहिल्या आठवड्यात बस म्हणाला होतात.

"बाजीराव, शब्द म्हणजे शब्द. अभ्यास समिती नेमली आहे."

समिती कशाचा अभ्यास करणार ते ठाऊक नाही. इथे पोरींचा झालाय आणि परीक्षेला न्यायला गाडी नाही.

कारण निवडणूक संपली. आता विश्वासही संपला आणि आक्रोशही. मेळावा नाही, मोर्चा नाही, बस नाही. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत, केंद्र लोणावळ्यात. सराव परीक्षेला फाट्यावर रिक्षाच मिळाली नाही, पाचीजणी पोचेपर्यंत गेट बंद. बोर्डाच्या परीक्षेला असं झालं तर वर्ष गेलं. रुपालीच्या घरी आत्तापासूनच स्थळाची बोलणी चालू आहेत. सृष्टीला शिरगावच्या मावशीकडे ठेवू म्हणालो, तिथून कोणाबरोबर तरी येईल. सृष्टीच म्हणाली, "रुपालीला कुठं मावशी आहे, पप्पा?" अगदी आईच्या आवाजात.

३ फेब्रुवारी

मी तीन दिवस एकाच गोष्टीचा विचार करतोय. सरकारला आमच्या वाडीत बस पाठवणं कशाने भाग पडतं? आजारी माणसाने नाही. शाळेने नाही. अर्ज तर मी स्वतः चार लिहिले. फक्त टाळ्या हव्या असल्या की बस येते.

आणि सध्या टाळ्यांची सगळ्यात जास्त भूक कोणाला आहे? जिंकलेल्याला नाही. त्याच्या दारात रांग आहे. हरलेल्याला.

दुसऱ्याच्या फोनवरून सुहासला लावला. त्याचा आवाज पार बसला होता. म्हणाला, साहेब मंत्री आहेत तसेच आहेत, पण निकालापासून बंगल्यावर एक माणूस फिरकला नाही. गेट उघडणारा शिपाईसुद्धा झोपतो.

मी म्हणालो, "कातळवाडीला साहेबांचा सत्कार करायचा आहे."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "चेष्टा करताय?"

"एक नाही, सहा सत्कार. पहिला, त्यांच्या धैर्याचा. दुसरा, काटकसरीचा. तिसरा, दूरदृष्टीचा. मग संयम, साधेपणा आणि एकूण कार्य. छोटेखानी, लोणावळ्यातल्या हॉलमध्ये. तारखा मी देतो. सकाळी लवकर हवेत."

"आणि लोक? पुन्हा आमची फजिती होणार?"

"तुम्ही बस पाठवा. बस भरून निघेल, हा माझा शब्द." इतक्या वर्षांच्या निवेदनात अक्षरशः खरं निघालेलं हे माझं पहिलं वाक्य असावं.

सत्काराला नाही म्हणणारा पुढारी मी अजून पाहिला नाही. तासाभरात होकार आला. तारखा मी सृष्टीच्या वेळापत्रकावरूनच वाचून दाखवल्या होत्या.

१० फेब्रुवारी

बस आली. पहाटेच्या धुक्यातून दिवे दिसले तेव्हा रुपालीच्या आईने हात जोडले. काचेवर कागद चिकटवलेला, 'भव्य नागरी सत्कार', आणि स्टिअरिंगवर नथूभाऊ. आबांनी कालच झेंडूचा हार करून ठेवला होता. दसऱ्याचा राहिला होता, म्हणाले, आणि बसला घातला.

माधवीने ताट आणलं. मंत्र्याला ओवाळायला हिला कधी उभं करता आलं नव्हतं. आज तिने पाची मुलींना एकेक करून ओवाळलं, दही हातावर ठेवलं.

मला राहवलं नाही. माईक सुहासच्या गाडीत होता. नुसत्या तोंडाने म्हणालो, घाटात गाडामालकांची नावं पुकारतो तशी. "कातळवाडीची पहिली गाडी! चढतेय रुपाली, गणितात पैकीच्या पैकी घेणारी! चढतेय सृष्टी, उद्याची सिस्टर!" पाचीजणींची नावं घेतली. शेवटच्या नावाला आवाज फुटला, तो मी खोकला म्हणून घालवला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. कोणी सांगितलं नव्हतं.

हॉलमध्ये मी, सुहास, साहेब, खुर्च्या मांडणारा माणूस आणि पंखे. बस बाहेर येऊन उभी राहिली, नथूभाऊ पान खायला गेला. साहेबांनी रिकाम्या खुर्च्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बस आली ना, बाजीराव?"

"आली साहेब. अगदी वेळेवर."

"भरून?"

"गच्च भरून."

"मग माणसं?"

"इंग्रजीचा पेपर आहे, साहेब."

मला वाटलं आता उठून जातील, नाहीतर माझी कॉलर धरतील. सुहासचा चेहरा त्याच्या बुटांसारखा पांढरा झाला होता. साहेब मात्र खुर्चीत मागे रेलले. मी त्यांना शाल घातली. ते मोरपंखी काठ बोटांनी चाचपत होते.

"ही शाल ओळखीची वाटते."

"तुम्हीच दिलेली, साहेब. जूनमध्ये. पास दिला त्या दिवशी."

"पास दिलेली ती मुलगी..."

"पेपरला बसलीय. तुमच्याच बसने गेली."

साहेबांनी शाल खांद्यावर नीट केली. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. सुहासकडे वळून म्हणाले, "म्हणजे जूनमधला शब्द आपण पाळला की! लेक शिकतेय, बस चालू आहे. घ्या, बातमी करा. फाट्यावर नवीन फ्लेक्स लावा, 'शब्द पाळला'. फोटो तोच चालेल."

सुहास लिहून घेऊ लागला. मी हातातला माईक बघत उभा राहिलो. मला काहीतरी बोलायचं होतं, घाटात मोठ्याने बोलतात तसं. पण पाच पेपर बाकी होते.

उठताना साहेबांनी विचारलं, "काटकसरीचा सत्कार कधी आहे?"

"शनिवारी, साहेब. फिजिक्सला."

"ठीक. बस सांगून ठेवतो."

संध्याकाळी सृष्टी आली, पेपर चांगला गेला म्हणाली, आणि नारळाची चटणी मागून घेऊन जेवली. मी शालींची ट्रंक उघडली तर एकही शाल नाही, सगळ्या गोधड्यांत गेलेल्या. माधवीने काही न विचारता थोरली गोधडी मांडीवर घेतली आणि शनिवारची शाल उसवायला बसली.